मे महिन्यातले दहा हजार: एका कुटुंबाच्या सत्तावन्न बेघर रात्री

पार्श्वभूमी

पुण्याच्या पूर्व भागातल्या एका वस्तीत आमचा छोटा गट काम करतो. संस्था म्हणावी एवढा पसारा नाही. एक अभ्यासिका आहे, दोन बचत गटांच्या हिशेबाला मदत करतो आणि दर शनिवारी कागदपत्रांसाठी टेबल मांडतो. ही हकिकत ज्या कुटुंबाची आहे त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाई एका खानावळीत पोळ्या लाटतात. वस्तीत सगळे त्यांना पोळीवाल्या ताई म्हणतात, इथेही तेच म्हणतो. छापण्याआधी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. एका वाक्यावर त्यांनी हरकत घेतली, ते काढून टाकलं.

कुटुंब मूळचं परभणी जिल्ह्यातलं. पुण्यात येऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती. नवरा सेंटरिंगच्या कामावर जायचा. मुलगा नववीत होता, मुलगी पाचवीत. दहा बाय बाराची खोली, भाडं ५,५०० रुपये, डिपॉझिट २०,००० रुपये. करार तोंडी. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला रोख दिलं जायचं, पावती कधीच नव्हती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नवरा साइटवर दुसऱ्या मजल्यावरून पडला. कंबरेखालचं अंग गेलं. मार्च २०२४ मध्ये तो वारला. मधल्या चार महिन्यांत ताईंचं काम अर्ध्यावर आलं, कारण घरात माणूस अंथरुणावर होता. डिसेंबरचं भाडं साठवलेल्या पैशांतून गेलं, जानेवारीचं कानातले विकून. फेब्रुवारीपासून भाडं थकलं.

बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. तिथे चालू नोंद असती तर मृत्यूनंतर वारसाला काही लाखांची मदत मिळाली असती. नवऱ्याची नोंद होती, पण ती दर वर्षी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादमाने दाखला दिला नाही. 'आज देतो, उद्या देतो' करता करता मुदत संपली आणि त्यानंतर पाच महिन्यांनी माणूस पडला.

अडचण कुठे सुरू झाली

घरमालकीण वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. अशा हकिकतींत घरमालक कायम खलनायक होतो, म्हणून. ती स्वतः विधवा आहे. दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचं घर चालतं आणि त्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मेअखेर थकबाकी २२,००० रुपयांवर गेली, म्हणजे डिपॉझिट संपून वर दोन हजार. जून धरला तर २७,५००. तिने सांगितलं, निम्मं तरी द्या, बाकीचं दिवाळीपर्यंत बघू. तेवढेही जमले नाहीत. जूनच्या शेवटच्या दिवशी खोली रिकामी झाली. वरचे साडेसात हजार तिने सोडून दिले.

त्या दिवशी दोन्ही पालख्या शहरात होत्या. भवानी पेठ, नाना पेठेतल्या शाळा, देवळं, मांडव वारकऱ्यांनी भरलेले. ताई दोन पोरं आणि तीन पिशव्या घेऊन एका शाळेच्या पटांगणात जाऊन बसल्या. कुणी काही विचारलं नाही. जेवण मिळालं, झोपायला सतरंजी मिळाली. "दोन रात्री आम्ही वारकरी होतो," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी पालख्या हडपसरकडे निघाल्या, शाळा झाडून घेतली आणि मग विचारणा सुरू झाली.

पुढच्या ११ रात्री चुलत दिराकडे गेल्या. आठ बाय दहाच्या खोलीत आधीच पाच माणसं होती. त्यानंतर २२ रात्री खानावळीच्या माळ्यावर. मालकाने चूल विझल्यावर झोपायची परवानगी दिली होती, पण इमारतीतल्या कुणीतरी तक्रार केली. शेवटच्या नऊ रात्री उड्डाणपुलाखाली, ऑगस्टच्या पावसात.

या ४४ रात्रींपैकी 'बेघर' म्हणून मोजता आल्या असत्या त्या फार तर नऊ. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्री झाली. रस्त्यावर, पुलाखाली, स्टेशनात, देवळाच्या ओट्यावर जे उघड्यावर झोपलेले दिसले ते मोजले. देशात सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात २ लाखांच्या वर. दिराच्या खोलीत उशाला उशी लावून झोपलेलं किंवा खानावळीच्या माळ्यावर चढलेलं माणूस त्या आकड्यात येत नाही. आमच्या वहीतही येत नव्हतं.

आम्हाला हे कधी कळलं

आमची नोंद १३ ऑगस्टची आहे: 'कुटुंब पुलाखाली आढळले, तातडीची मदत.' ही नोंद खरी आहे, पण उशिराची आहे. नंतर सगळे बसून मागचं आठवायला लागलो तेव्हा तीन प्रसंग निघाले.

एप्रिलमध्ये ताई शनिवारच्या टेबलावर मृत्यूच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. जाता जाता त्यांनी विचारलं, "डिपॉझिट भाड्यात कापलं तर परत मागता येतं का?" टेबलावरच्या कार्यकर्त्याने नाही म्हणून सांगितलं आणि पुढचा माणूस बोलावला.

मे महिन्यात त्या बचत गटाच्या बैठकीला आल्या आणि दहा हजार मागितले. त्या गटाच्या सभासद नव्हत्या. नियम असा की सहा महिने बचत केल्याशिवाय कर्ज नाही. गटाने नियम सांगितला, नियमाप्रमाणे वागला. बैठकीला आमची कार्यकर्तीही होती आणि तिलाही तो निर्णय बरोबरच वाटला.

जूनमध्ये मुलाने अभ्यासिकेच्या ताईंना विचारलं, "माझी पुस्तकं इथे कपाटात राहू देऊ का? दहावीची आहेत, खराब होतील." त्यांनी कपाटाची किल्ली दिली. पुस्तकं घरी का खराब होतील, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तीन माणसांना तीन वेगळ्या दारांतून एकच गोष्ट सांगितली गेली होती. आम्ही दर आठवड्याला भेटतो, चहा पितो, पण ती गोष्ट एकत्र ठेवली नाही.

समोर असलेले पर्याय

१३ ऑगस्टच्या रात्री आणि पुढच्या आठवड्यात पाच रस्ते दिसत होते.

पहिला, महापालिकेचं बेघर निवारा केंद्र. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी कायमचा, चोवीस तास उघडा निवारा असावा. कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत, असंही त्यात होतं. जवळच्या केंद्रात पुरुषांचा एक आणि बायकांचा एक असे दोन हॉल होते. कुटुंबाचा नव्हता.

दुसरा, गाव. सासू तिथे आहे, दिरांबरोबर सामाईक एकरभर कोरडवाहू आहे. दिवाळीनंतर दीर-जावा उचल घेऊन ऊसतोडीला जातात. ताईंचं उत्तर तयार होतं: "गावाकडं गेलं की पोरीच्या हातात कोयताच की."

तिसरा, मुलांना बालगृहात आणि वसतिगृहात ठेवून ताईंनी एकटीने खानावळीच्या आधाराने राहायचं. सुचवणारा मीच होतो. मुलगा दहावीत, वसतिगृहात अभ्यास होईल, मुलगी सुरक्षित राहील, असं सगळं कागदावर नीट बसत होतं. ताई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोली गेली. आता पोरंबी द्यायची का?"

चौथा, कायद्याने भांडणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. म्हणजे घरमालकिणीला नोटीस पाठवण्याइतकी बाजू होती. पण निकाल लागेपर्यंत तिघांनी झोपायचं कुठे? शिवाय नोटिशीची बातमी संध्याकाळपर्यंत वस्तीत पसरली असती आणि आमच्या शब्दावर कुणी खोली दिली नसती. वकील मित्राशी बोलून तो विषय तिथेच ठेवला.

पाचवा, सरळ दुसरी खोली. त्यासाठी लागत होतं डिपॉझिट आणि कुणाचा तरी शब्द.

काय केले

पहिल्या रात्री सगळ्यात सोपं केलं, निवारा केंद्रात नेलं. तिथल्या काळजीवाहकांनी आपुलकीने घेतलं, गरम जेवण दिलं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला बायकांच्या हॉलमध्ये ठेवता येत नव्हतं. हा नियम तिथल्या बायकांच्या दृष्टीने योग्यच आहे. त्याची व्यवस्था पुरुषांच्या हॉलमध्ये झाली. एक रात्र तो राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री तो अभ्यासिकेच्या पायरीवर झोपला आणि आईला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिघंही तिथून निघाले. केंद्राच्या रजिस्टरमध्ये 'स्वेच्छेने गेले' अशी नोंद आहे.

त्या दिवशी आमच्यात भांडण झालं. एका बाजूचं म्हणणं: आधी उत्पन्न स्थिर होऊ द्या, सरकारी योजना लागू होऊ द्या, मग खोलीचं बघू, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा भाडं थकेल. दुसऱ्या बाजूचं: पुलाखालून उत्पन्न स्थिर कसं होणार? पोळ्यांच्या कामाला पहाटे पाचला अंघोळ करून हजर राहावं लागतं. फिनलंडने २००८ पासून 'आधी घर, मग बाकीचं' हे राष्ट्रीय धोरण म्हणून राबवलं आणि तिथली दीर्घकाळची बेघरी खूप घटली. तो श्रीमंत देश, तिथे घरं सरकारच्या हातात, आपला काय संबंध, असं मीच आधी म्हणत असे. पण युक्तिवादाचा गाभा साधा आहे आणि ताईंच्या पहाटेच्या अंघोळीला तो तंतोतंत लागू पडत होता. खोली आधी, असं ठरलं.

तोवर दहा रात्री कुटुंब अभ्यासिकेत झोपलं. भाडेकराराप्रमाणे आम्हाला तशी परवानगी नव्हती.

बचत गटाची खास बैठक घेतली. मे महिन्यात नियम सांगणाऱ्या त्याच बायका होत्या. ताई बोलल्या नाहीत, मुलगी आईला चिकटून बसली होती. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ मावशी म्हणाल्या, "नियम आपणच केला ना? मग आपणच वाकवू." दोघी सभासद जामीन राहिल्या आणि गटाने ८,००० रुपये दिले. खानावळीच्या मालकाने ४,००० पगारातून वळते करून घ्यायच्या बोलीवर उचल दिली. आमच्याकडून ३,०००. झाले १५,०००.

खोली कुणी दिली? जुन्या घरमालकिणीने. तिची खोली एव्हाना डिलिव्हरीचं काम करणाऱ्या दोन मुलांना ६,५०० ने गेली होती. पण पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे ती स्वतः आमच्याबरोबर आली आणि म्हणाली, "बाई नेकीची आहे, तिच्यावर वेळच तशी आली." भाडं ५,०००, डिपॉझिट १५,०००.

इथे आम्ही एक चूक करता करता थांबलो, किंवा एक बरोबर गोष्ट करता करता कच खाल्ली. अजून नक्की ठरत नाही. आम्ही नोंदणीकृत कराराचा आग्रह धरला. नव्या मालकिणीचा चेहरा उतरला. वस्तीत पुनर्वसनाची चर्चा चालू आहे, सर्वेक्षण कधीही होईल. भाडेकरूच्या नावाचा कागद त्या पत्त्यावर तयार झाला तर उद्या पुनर्वसनातल्या घराच्या पात्रतेत तोच पुढे येईल, ही भीती इथल्या प्रत्येक घरमालकाला आहे आणि ती अगदीच निराधार नाही. 'कागद नको, नाहीतर खोली नको', असं ती स्पष्ट म्हणाली. शेवटी तडजोड झाली: पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, आणि शंभर पानी वहीत दर महिन्याला भाडं मिळाल्याची सही करायची. वही ताईंकडे राहणार. कायद्यापुढे ही वही कराराची जागा घेत नाही. पण मागच्या खोलीत तेवढंही नव्हतं.

२६ ऑगस्टला तिघं खोलीत गेले. पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. रेशनकार्ड गावाकडचंच होतं, पण अंगठ्यावर धान्य पुण्यातल्या दुकानातही मिळतं, हे ताईंना माहीत नव्हतं. बारा वर्षं त्यांचं धान्य गावी सासू उचलत होती.

योजनांचं काय झालं

घराच्या भाड्याशी या योजनांचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. जी बाई काम करून खोलीचं भाडं भरते ती यात कशी बसेल? ताईंची कमाई तेव्हा ९,००० होती. खोटा दाखला काढून देणारे एजंट तहसीलबाहेर उभे असतात. ताईंनी नको म्हटलं.

बालसंगोपन योजना मात्र लागू पडली. एक पालक गमावलेल्या मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, दोघांचे ४,५००. भाडं ५,०००. बालकल्याण समितीपुढे मुलांसह जावं लागलं, आईच्या कामाचा दिवस बुडाला, आदेश पाच महिन्यांनी झाला. पैसे दर महिन्याला येत नाहीत, साठून येतात.

आणि राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर वारसाला एकरकमी २०,००० रुपये. कुटुंबाचं नाव गावच्या यादीत होतं. अर्ज ऑक्टोबरमध्ये केला, रक्कम पुढच्या जूनमध्ये जमा झाली. गेलेलं डिपॉझिटही वीस हजारच होतं. एप्रिलमध्ये ताई टेबलावर मृत्यूच्या दाखल्यासाठी आल्या तेव्हाच हा अर्ज भरायला हवा होता, कारण दाखला हाताशी होता आणि टेबल त्यासाठीच मांडलेलं होतं.

परिणाम

हे लिहिताना कुटुंब त्याच खोलीत आहे. दोनदा भाडं उशिरा गेलं, एकदा बारा दिवसांनी. ताईंनी सकाळी डब्याचं आणखी एक काम धरलं, कमाई १२,००० वर गेली. बचत गटाचे आठ हजार अकरा महिन्यांत फिटले, शेवटचा मोठा हप्ता कुटुंब लाभाच्या पैशातून गेला. ताई आता गटाच्या सभासद आहेत आणि कर्जवसुलीच्या बाबतीत फार कडक आहेत, असं बाकीच्या हसत सांगतात.

मुलगा दहावी पास झाला, पण त्याला अपेक्षा होती तेवढे गुण मिळाले नाहीत. त्या ५७ रात्रींत त्याची पहिली चाचणी बुडाली होती. तो आयटीआयला आहे. मुलगी अजून झोपताना दप्तर उशाशी घेते.

कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालचा दावा अपघातापासून, किंवा माणूस गेला तर मृत्यूपासून, दोन वर्षांच्या आत करायचा असे. हा मार्ग आम्हाला उशिरा सुचला. मुदत संपायच्या तीन आठवडे आधी दावा दाखल झाला. सोबतच्या दोन कामगारांची साक्ष लागेल. एक नांदेडकडे आहे, दुसऱ्याचा फोन लागत नाही.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महाग पडलेला निर्णय बचत गटाचा होता असं वरवर दिसतं. मे महिन्यात दहा-अकरा हजार मिळाले असते तर घरमालकीण थांबली असती, तसं तिने स्वतः सांगितलं. पण गटाला दोष देणं सोपं आहे. परक्या बाईला बचतीतून पैसे द्यायचे आणि बुडाले तर? त्या जोखमीचा भार वाटून घ्यायला आम्ही तिथे हजर होतो आणि गप्प बसलो. ऑगस्टमध्ये तीन हजारांची जी भर घातली आणि दोन जामीन उभे केले, ते मेमध्येही शक्य होतं. फरक एवढाच की मेमध्ये ताई खोलीत राहत होत्या, त्यामुळे आमच्या लेखी त्या 'बेघर' नव्हत्या.

निवारा केंद्रात नेणं चूक होतं का? मुसळधार पावसात दुसरं काय करणार होतो? पण दारात पोचल्यावर मुलगा वेगळा जाणार हे कळलं, तेव्हा आम्ही ताईंना विचारलं नाही, समजावलं. त्या रात्री थेट अभ्यासिका उघडली असती तर चाललं असतं. परवा दुसऱ्या एका कुटुंबाच्या वेळी तेच केलं.

घरमालकिणीशी पहिल्यांदा बोललो ते ऑगस्टमध्ये. तिच्याशी एप्रिलमध्ये कुणी बोललं असतं तर तिने हप्ते बांधून दिले असते, असं ती म्हणते. खरं असेलही. घरमालकाला आम्ही पलीकडच्या बाजूचा माणूस धरून चाललो होतो. खोली कोणाची जाणार हे सगळ्यात आधी त्याच माणसाला कळतं.

आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. गट आणि आम्ही मिळून डिपॉझिटची वेगळी पेटी ठेवली आहे. सभासद असो वा नसो, दोन जामीन आणि घरमालकाशी समोरासमोर बोलणं झाल्यावर तीन दिवसांत पंधरा हजारांपर्यंत मिळतात. आतापर्यंत सहा घरांना दिले. चार जणांकडून परत येताहेत, एक कुटुंब पैसे घेऊन गाव सोडून गेलं, एकाचं अडलं आहे. शनिवारच्या टेबलावरच्या वहीत एक रकाना वाढला: भाडं किती महिन्यांचं थकलं? कुणी कुठल्याही कामाला आलं तरी हे विचारायचं. पहिल्या महिन्यात लोकांना हा प्रश्न आवडला नाही. दोघांनी तोंडावर सांगितलं, तुम्हाला काय करायचंय.

गेल्या महिन्यात त्या रकान्यात एक नोंद ताईंच्या जुन्या घरमालकिणीने करायला लावली. तिच्याच खोलीतली डिलिव्हरीवाली दोन मुलं, एकाचा गाडीवरून पडून पाय मोडलेला, दोन महिने थकलेले. "मी अजून काही बोलले नाही त्यांना," ती म्हणाली, "तुम्ही आधी भेटून घ्या."